वरसोलीकर साहेबांची हद्द

गेल्या महिन्यात गावाहून फोन आला. गावाची स्मरणिका निघतेय, तिच्यासाठी वरसोलीकर साहेबांवर दोन पानं हवी होती. फोन करणारा माजी सरपंचाचा पुतण्या. म्हणाला, "काका, आपल्या गावात ज्यू लोक व्हते, किती भारी गोष्टय राव! आपलं गाव सगळ्यांना कसं सांभाळून घ्यायचं, त्याच्यावर लिवा. जरा चांगलं चांगलं लिवा."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. मग चार दिवस जेवण गोड लागलं नाही. मला जे ठाऊक आहे ते दोन पानांत मावणार नाही आणि चांगलं चांगलं तर मुळीच नाही. म्हणून हे स्मरणिकेसाठी लिहीत नाही. गावाचं नावही लिहीत नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर ते आहे, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि ओळखून गप्प बसतील. गप्प बसण्यात या गावाचा हात कुणी धरणार नाही. मी मूळचा शिनोलीचा, पण नोकरीपायी तीस वर्षं तिथंच काढली, त्यामुळे त्या गप्प बसणाऱ्यांत मीही आहे.

दाऊद एलोजी वरसोलीकर हे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. म्हणजे जमिनी मोजायचे. मी नोकरीला लागलो तो त्यांच्या हाताखाली. उंच, वाळक्या अंगाचा माणूस. डोक्यावर जुनी सोला हॅट, खिशात दोन पेन्सिली, दोन्ही ब्लेडनं तासून सुईसारख्या केलेल्या. त्या पेन्सिलींना कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मोजणीला जाताना पाण्याची बाटली स्वतःची न्यायचे. वादी असो की प्रतिवादी, मोजणी संपेपर्यंत कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. उन्हाळ्यात बांधावर कुणी सरबताचा तांब्या घेऊन आलं तर म्हणायचे, "मोजून होऊ द्या. मग ज्याची जमीन कमी भरेल त्याच्याकडचं पिईन." अर्थात ज्याची कमी भरायची तो काही पाजायचा नाही.

त्यांच्या रागाला आवाज नव्हता. एरवी मला "अरे भोर, तू" म्हणणारे साहेब चिडले की "आपण" म्हणायला लागायचे. "भोर, आपण आज साखळी ढिली धरली." एवढंच म्हणायचे, पण दिवसभर माझ्या कानात ते राहायचं.

एकदा बोरी बुद्रुकला दोन भावांच्या बांधाचं भांडण मोजायला गेलो होतो. थोरला भाऊ छातीवर हात मारून सांगत होता, "साहेब, बांध हाये तिथंच हाये. म्या काय रातीचा उपटून नेला व्हय?"

साहेब साखळीवरची नजर न हलवता म्हणाले, "रात्री कोण नेतो? बांध दिवसा सरकतो, पाटील. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दरवर्षी नांगराचं एक तास, फाळाची एक रेघ."

मोजून झाल्यावर वीस वर्षांची वीस तासं थोरल्याच्या वावरात निघाली. धाकट्याच्या बायकोनं साहेबांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा ते दोन पावलं मागं सरले. "माझ्या नाही, बाई," म्हणाले, "माणसाच्या पाया पडू नका."

त्यांचे आजोबा कोकणातून घाट चढून रस्त्याच्या कामावर सुतार म्हणून आले. मागोमाग आणखी काही घरं आली. कुणी पोलिसात हवालदार, कुणी दवाखान्यात कंपाउंडर, कुणी शाळामास्तर. एकेकाळी या गावात बेने इस्रायलांची आठ-नऊ घरं होती. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. एका घराची पुढची खोली त्यांनी प्रार्थनेला ठेवली होती. ओढ्यापलीकडं, गावाच्या कडेला त्यांची दफनभूमी होती. मग एकेक घर मुंबईला गेलं आणि मुंबईहून इस्रायलला. मी आलो तेव्हा दोनच माणसं उरली होती, साहेब आणि त्यांची थोरली बहीण साराबाई. साहेबांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मोजणीत राहून गेलं."

त्यांची सगळी किरकोळ रजा शनिवारांत संपायची. ताप आला तरी मंगळवारी कामावर हजर, पण शनिवारी कलेक्टर आला तरी साहेब घरीच. साराबाई कधीमधी नवसाचा मलिदा करायच्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. एलियाहू पैगंबराचं नाव घेऊन प्रार्थना व्हायची आणि मग ताटल्या गल्लीभर जायच्या. गल्लीतल्या बाया त्याला "शनवारबाईचा परसाद" म्हणायच्या. खायला गाव होतं. ही माणसं कोण, कुठली, त्यांचा देव कोणता, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ईदेला लोक साहेबांना मुबारक म्हणायचे आणि नाताळाला केक मागायचे. साहेब दोन्हीला मान डोलवायचे.

ते डोलवणं एका हिवाळ्यात थांबलं. शहरांतून दंगलींच्या बातम्या येत होत्या. आम्ही मोजणीहून परतताना एसटी स्टँडवर चहाला थांबलो होतो. तिथं सात-आठ पोरांचं टोळकं उभं होतं. त्यातल्या एकानं साहेबांच्या पिशवीवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "दाऊद? ह्यो हितं काय करतोय?" बाकीचे जवळ सरकले.

माझी गाळण उडाली. मी पुढं होऊन म्हणालो, "अरे, साहेब मुसलमान न्हाईत! ज्यू हायेत, ज्यू! येगळं असतं ते."

पोरांना ज्यू म्हणजे काय ते कळलं नाही, पण माझा सरकारी अवतार बघून ती पांगली. मला वाटलं, आपण साहेबांना वाचवलं. साहेबांनी चहाचा पेला तसाच ठेवून दिला. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "भोर, मी मुसलमान असतो तर आपण काय करणार होता?"

मी तिकिटाचे सुटे पैसे मोजत बसलो.

साहेब निवृत्त झाल्यावरची गोष्ट. एका सकाळी ते आणि मी ओढ्यावरून चाललो होतो. पाणवठ्यावर पारूबाई नावाची बाई धुणं धूत होती. साहेब एकदम थांबले. तिच्या हाताखालच्या दगडाकडं बघत राहिले. मग खाली उतरून तिला विचारलं, "बाई, हा दगड कुणी आणला इथं?"

"पंचायतीनं टाकलं की. पाच-सा हायेत. लई सोय झाली बायांची. त्येला अक्षरं हायती ना, घासाया बरं पडतं."

मी वाकून पाहिलं. साबणाच्या फेसाखाली दोन लिप्या होत्या. वर हिब्रू, खाली मराठी. मराठी मला वाचता आलं. एलोजी दाऊद वरसोलीकर. साहेबांचे वडील.

साहेब म्हणाले, "तुमचं होऊ द्या." आणि ते शेजारच्या दरडीवर बसले. पारूबाईनं दोन लुगडी, एक चादर, पोराची खाकी चड्डी, सगळं आपटून, पिळून घेतलं. साहेब हलले नाहीत. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. शेवटचा कपडा बादलीत पडल्यावर ते उठले आणि म्हणाले, "आता हा दगड मी नेऊ का? माझ्या वडलांच्या थडग्यावरचा आहे."

पारूबाईच्या हातातली बादली खाली आली. "आगं आई गं! आमाला काय ठावं, दादा? आमाला वाचता येत न्हाई!" तिनं पदरानं त्या दगडावरचा फेस पुसायला घेतला. रडत पुसत होती.

"तुम्हाला वाचता येत नाही," साहेब म्हणाले. "ज्यांना येतं त्यांनी ठेवलाय."

त्या दिवशी हातगाडीवरून सहा दगड परत दफनभूमीत नेले. कुंपणाच्या जागी आता नुसते तीन खांब होते. एका बाजूला कुणाच्या तरी ट्रॉल्या उभ्या, दुसरीकडं कांद्याची चाळ. पंचायतीच्या कारभाऱ्यांना जाऊन विचारलं तर म्हणाले, "पडीक जागेतलं दगूड व्हतं साहेब, कुनाचं हाये ते काय लिव्हलंय का त्याच्यावर?" हे त्यांनी माझ्यासमोर विचारलं. आणि आजूबाजूचे चारजण हसले.

पुढच्या वर्षी साराबाई गेल्या. साहेबांनी पुण्याला फोन केला. त्यांच्या मृतासाठीची प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. पुण्याहून जीप भरून आठजण आले, साहेब धरून नऊ झाले. दहावा माणूस मुंबईहून निघाला होता, तो पोचला नाही. दुपार कलायला लागली. दफनभूमीतल्या ट्रॉल्या हटवायला सांगून सांगून आम्ही थकलो होतो. शेवटी एकच हटली, तेवढ्याच जागेत खड्डा खणला. त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ सारखे रस्त्याकडं बघत होते.

मी साहेबांजवळ जाऊन म्हणालो, "मी उभा राहू का दहावा?"

ते माझ्याकडं वळले. रागानं नाही. "उभा राहा," म्हणाले, "पण तुला मोजता येत नाही, बाबा."

ती प्रार्थना झालीच नाही. दुसऱ्या म्हटल्या. प्रत्येकानं तीन-तीन मुठी माती लोटली. बाजूच्या ट्रॉलीवर बसून दोघंजण तंबाखू मळत बघत होते. गावातून खांदा द्यायला पाचजण आले होते. साराबाईंचा मलिदा तीस वर्षं गल्लीनं खाल्ला होता. पाचजण.

त्यानंतर साहेबांनी मोजणीचा अर्ज केला. आयुष्यभर दोन तालुक्यांच्या हद्दी ज्यानं सांगितल्या, त्यानं आपल्या माणसांच्या जागेची हद्द कायम करून मागितली. जुन्या गावनकाशावर तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं, दफनभूमी. पण त्याच सुमाराला सातबारे संगणकावर चढत होते. चढता चढता तो शब्द गळला आणि जागा झाली "पड". कुणी गाळला, ते मला माहीत नाही. गळल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, एवढं माहीत आहे.

आणि मोजणीला आला कोण? मी. तोवर मी साहेबांच्या जागेवर बसलो होतो.

आदल्या दिवशी तेव्हाचा सरपंच, त्या फोनवाल्या पुतण्याचा चुलता, सगळे त्याला दादा म्हणायचे, माझ्या घरी चहाला आला. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला, "भोरसाहेब, घर ब्येस बांधलं तुमी. नोंद आपल्याच पंचायतीत हाये ना? काय अडचन आली तर सांगा बरं." हसला. माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. दफनभूमीचा शब्दही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोजणीला गेलो. साहेब हॅट घालून आधीच येऊन उभे होते. ट्रॉल्या, चाळ, तिच्यामागं वाढलेली बाभळ. हद्दीचा दगड चाळीच्या खाली होता. मला माहीत होतं, कारण पंधरा वर्षांपूर्वी साहेबांनीच मला तो दाखवला होता. मी चाळीतले कांदे हलवायला सांगितलं नाही. अर्धा तास इकडं तिकडं फिरलो आणि अहवालात लिहिलं, "जागेवर हद्दीच्या खुणा आढळून येत नाहीत."

साहेबांनी कागद मागून घेतला. चष्मा लावून वाचला. मग खिशातली पेन्सिल काढली, पण कागदाला टेकवली नाही.

"‘आढळून येत नाहीत’ हे चूक आहे," ते म्हणाले. "‘आम्ही शोधल्या नाहीत’ असं लिहा. आपल्याला मराठी मी नीट शिकवली नाही."

कागद माझ्या हातात देऊन ते निघून गेले. मी तो आहे तसा पाठवला. माझं घर आजही उभं आहे, नोंदीला काही अडचण आली नाही.

पंचायत त्या जागेवर दुकानांचे गाळे बांधणार होती, त्यांचं भूमिपूजन ठरलं. त्याच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी, भर अकरा वाजता, साहेब आपली जुनी साखळी घेऊन दफनभूमीत आले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, एकेका भागाला आम्ही आणा म्हणायचो. एक टोक खुंटीला अडकवून दुसरं हातात घेऊन उभे राहिले. साखळी ताणून पुढं पुढं सरकवायला पलीकडच्या टोकाला माणूस लागतो. बाजाराला आलेली पन्नास-साठ माणसं रस्त्यावर थांबून बघत होती. साहेबांनी कुणाला हाक मारली नाही. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. मधे रस्ता तेवढा होता. मला त्यांनी पाहिलं होतं.

गर्दीतून म्हाकूबाबा पुढं आला. धनगर, सत्तरी ओलांडलेला, खांद्यावर घोंगडी. म्हणाला, "आना हिकडं. म्या धरतो. म्हाजी मेंढरं हितंच बसायची, साहेब. एकोनीस थडगी हायेत. तुमच्या बहिनीचं धरून ईस."

तासभर दोघं मोजत होते. साहेब मोठ्यानं बोलत होते. पहिल्यांदाच मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "साखळी दोन, आणे सात, शलोम हवालदार. साखळी तीन, आणे एक, रिबेका, वय चार. साखळी तीन, आणे अकरा, एलोजी वरसोलीकर." ज्यांचे दगड गेले होते त्यांचीही नावं घेतली. कांद्याच्या चाळीपाशी थांबून म्हणाले, "याच्याखाली तिघं. सायमन कंपाउंडर. त्यांनी या गावाच्या दोन पिढ्यांना देवीच्या लशी टोचल्या. ज्यांच्या दंडावर वण आहेत त्यांनी बघून घ्यावेत."

रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्यानं खरंच बाही वर केली. त्याच्या शेजारच्यानं ती खाली ओढली. दादाची माणसं आली, पण बाजार भरलेला होता, त्यांनी काही केलं नाही. "म्हातारं येडं झालंय," म्हणाले आणि लोकांना ते सोयीचं वाटलं.

साहेबांनी त्या मोजणीचा नकाशा काढला. वीस ठिपके, वीस नावं. प्रती सगळ्या कचेऱ्यांना पाठवल्या. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. गाळे बांधून झाले. पायाचे खड्डे खणताना काय निघालं ते ट्रॅक्टरवाल्यांना विचारा. माझ्यापुढं बोलले नाहीत, पण त्यातला एक पुढं सहा महिने दारूच्या गुत्त्यावर बसून रडायचा, हे गावाला ठाऊक आहे.

साहेबांनी गाव सोडलं. मंचरला एक खोली घेतली. सामान टेंपोत भरताना दाराच्या चौकटीवरची छोटी डबी त्यांनी स्क्रू काढून हातात घेतली. तिच्यात त्यांच्या धर्मग्रंथातला मजकूर असतो. मी मदतीला गेलो होतो. म्हणालो, "साहेब, राहा ना. एवढी वर्षं काढली इथं."

"राहायला हरकत नाही," ते म्हणाले. "मेल्यावर ठेवाल कुठं?"

काही वर्षांनी ते पुण्यातल्या एका इस्पितळात वारले आणि पुण्यातच त्यांना पुरलं. मला आठ दिवसांनी कळलं. दहा माणसं जमली होती असं ऐकलं. मला तेवढ्यानं बरं वाटलं. मग बरं वाटल्याचाच राग आला. ज्या मातीचा इंच न् इंच त्यांना पाठ होता, तिच्यात त्यांना साडेतीन हात मिळाले नाहीत. आणि आता तीच माणसं स्मरणिका काढणार, वर साहेबांचा हॅटवाला फोटो छापणार आणि खाली लिहिणार, "गुण्यागोविंदाने."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधीच्या उन्हाळ्यात. मी एसटीनं पुण्याला निघालो होतो. अवसरी खुर्दजवळ बस कशासाठी तरी थांबली. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरंपोरी रस्त्याच्या कडेला तिपाई मांडून मोजणी शिकत होती. तिपाईवर नवं पिवळं यंत्र. आणि त्यांच्यात काठी टेकवत उभे साहेब. शर्ट पाठीला चिकटलेला, अंग आणखी वाळलेलं.

एक मुलगी हसत विचारत होती, "आजोबा, तुम्हाला येतं यातलं?"

"यंत्र येत नाही," साहेबांचा आवाज खिडकीतून मला स्पष्ट आला. "पाय येतात. हा पाय उचल आधी. भुसभुशीत मातीत ठेवलायस. टाच देऊन रोव. हां. आता दुसरा. घाई कसली? जागा कुठं पळून जात नाही."

मुलगी वाकून तिपाईचा पाय रोवत होती. साहेबांनी मान वर केली. बसकडं पाहिलं, एकेका खिडकीवरून नजर फिरवली आणि ती माझ्या खिडकीवर थांबली. मी हात अर्धा वर केला. त्यांनी मला ओळखलं, याची मला खात्री आहे. मग त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि त्या मुलीला म्हणाले, "तिसरा पाय."

कंडक्टर माझ्या खांद्याशी येऊन म्हणाला, "काका, उतरायचंय का हितं? बस सुटतीय."

मी म्हणालो, "नाही."